कोळंबीचं पथ्य

"अगं, कात्री कुठे ठेवलीस?"

"कुठली?"

"कुठली काय, पाण्यातली!"

"हरवली," बायको म्हणाली आणि तिने वर्तमानपत्राचं पान असं उलटलं की पुढचा प्रश्न पानामागेच अडकला.

कवळीकाका निमूटपणे हॉलमधल्या टाकीपाशी आले. गल्ली त्यांना कवळीकाका म्हणे, कारण गल्लीतल्या निम्म्या तोंडांत त्यांचीच कामगिरी बसवलेली होती. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खाण्याची सोय केली. निवृत्तीनंतर घरात खाऱ्या पाण्याची टाकी आली आणि टाकीत एक दीड इंची कोळंबी, पांढऱ्या अंगावर जांभळे ठिपके असलेली. बाईसाहेब जगात एकच पदार्थ खात: तारामासा. चिमट्याने दुसरं काहीही पुढे केलं की रुसलेल्या आत्येसासूसारख्या पाठ फिरवत.

त्यावर तोड अशी होती की स्वयंपाकघरातल्या छोट्या टाकीत एक तारामासा पाळायचा आणि दहा-बारा दिवसांनी त्याचा एक पाय कापून कोळंबीपुढे ठेवायचा. पाय पुन्हा उगवे. तारामाशाच्या खाण्यापिण्याचं खातं बायकोकडे होतं.

आज पंधरावा दिवस. कोळंबी दगडाआड मुटकुळं करून बसली होती. काकांनी दुकानदाराला फोन लावला.

"तारामाशांचा माल पुढच्या आठवड्यात, काका."

"तोवर हिने काय करायचं?"

"वाट बघायची."

काका पुन्हा स्वयंपाकघरात गेले. "हे बघ, त्याचा पाय परत येतो. माझ्या गिऱ्हाइकांचा एक दात परत आला नाही चाळीस वर्षांत."

"दुखतं का हो त्याला?"

"माहीत नाही," काकांनी खरं सांगितलं. "पण ही आठवडा काढायची नाही."

बायकोने वर्तमानपत्राची घडी घातली. "माझा कापायला विरोध नाही. मागच्या खेपेला तुम्ही एक कापायला गेलात आणि दोन गेले."

"कात्री निसटली."

"कात्री नाही निसटली. हात."

काकांनी उजवा हात खिशात घातला. दातांच्या फटी केसाएवढ्या अचूक कोरणारा हात होता तो.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही चहा अर्धा कप मागायला लागलात तेव्हापासून."

"मला वाटलं, तुला वाटलं असेल की साखर कमी करतोय."

"अर्ध्या कपात तीन चमचे घालून?"

तिने पिठाच्या डब्यामागून कात्री काढली, बाह्या सारल्या आणि तारामासा बशीत घेतला. तीन पाय धड, दोन शेंगदाण्याएवढे उगवलेले. "सांगा कुठून."

"मुळाशी. घाई नको. एकदाच."

एकदाच झालं. एकच गेला. काकांनी तो कापलेला काठ चष्मा वर करून तपासला. तिथे शोधायला खोट नव्हती, तरी त्यांनी दोनदा शोधली.

"तू धंद्यात नव्हतीस म्हणून माझं दुकान चाललं."

"पुरे. हे घ्या." तिने चिमटा त्यांच्यापुढे धरला. "हे तुमचं काम. ती माझ्या हातचं खायची नाही."

काकांनी हॉलमधल्या टाकीपाशी येऊन उजव्या हाताने चिमटा पाण्यात घातला आणि डाव्याने मनगट धरलं. तरी थरथर चिमट्यातून तुकड्यात उतरलीच. पाण्यात तो पाय जिवंत असल्यासारखा हलत राहिला. दगडाआडून आधी मिशा आल्या, मग ठिपके. कोळंबीने तुकडा दोन्ही पंजांत धरला आणि ओढला.

"बघितलंत? हलताना दिसला म्हणून आली," बायको म्हणाली.

"वासाने आली. तिला दिसतं फार थोडं."

"असेल."

कोळंबीने टोकापासून जेवायला सुरुवात केली, सावकाश, ताटात दुसरं काही असूच शकत नाही अशा थाटात. काकांना हात बाहेर काढायचं सुचलं नाही. कोपरापर्यंत भिजलेली त्यांची बाही बायकोने दुमडून वर केली.