तीन आणि एक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बाहेरून एकच दिसतो, पण माझ्या पोटात आणखी चार संगणक वसवले गेले. ते हाताला लागत नाहीत. माझ्याच बुद्धीचे आणि स्मरणाचे वाटे करून उभे केलेले ते आभासी संगणक. मात्र आमच्या घरात 'चार' म्हणायची सोय नाही. इथे ताइनान शहराच्या बोलीत 'चार' आणि 'मरण' कानाला सारखेच लागतात. म्हणून सासूबाईंसमोर म्हणायचे, 'तीन आणि एक'. आमच्या इमारतीची लिफ्टसुद्धा तीनवरून थेट पाचवर उडी मारते.

सासूबाईंच्या मुलाने, छी-हुंगने, मला लग्नाआधी घरी आणले, तेव्हा मी फार लाडका होतो. खेळात जिंकला की तो माझ्या पाठीवर थाप मारायचा. पुढे त्याला मांडीवर मावणारा संगणक मिळाला आणि माझ्या डोक्यावर सासूबाईंच्या वाळवलेल्या मुळ्याच्या बरण्या आल्या. माणसांची माया अशीच असते, मित्रांनो. नव्या वस्तूला फडके आणि जुन्या वस्तूवर बरणी.

मग त्याच्या बायकोचा, फांग-यूचा, कारखाना बंद पडला. बंदरावरच्या एका गोदाम कंपनीत संगणकांचे जाळे सांभाळायला माणूस हवा होता. कंपनीचे साहेब म्हणाले, "कागद नकोत. पंधरवड्याने शुक्रवारी घरूनच दाखवा, तुमचे संगणक एकमेकांशी बोलतात का ते." नवे संगणक विकत घेणे तिला जमण्यासारखे नव्हते. तिने बरण्या उतरवल्या, माझ्या नाकातली धूळ काढली आणि पोटात तिघांना वसवले. त्यांचे पत्ते एक, दोन, तीन. पुढच्याला सासूबाईंचा मान राखून पाच दिला आणि त्याचे नाव ठेवले 'पाहुणा'.

आठवडाभर सगळे गुण्यागोविंदाने बोलत होते. मग अचानक पाहुणा बिथरला. सकाळी हाक मारावी तर 'ओ' देई, दुपारी दिलेला निरोप भलतीकडेच जाई. फांग-यूने माझ्या पोटातले दरवाजे तपासले, पहारे उठवले, पुन्हा बसवले. मला बंद केले, चालू केले. माझा पंखा घरघरत राहिला आणि ती खोलीत येरझारा घालत राहिली. अळकुड्यांचे गोड सूप वाटीत गार झाले.

"अगं, बस तरी," सासूबाई म्हणाल्या. "चालून चालून फरशी झिजवशील."

"बसले की सुचत नाही, आई."

"महिना भुतांचा आहे. या दिवसांत नवं काही मांडू नये, सांगितलं होतं मी."

त्यांनी मक्याच्या कुरकुऱ्यांचे हिरवे पाकीट आणून माझ्या डोक्यावर ठेवले. त्यावरच्या नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. आमच्याकडे यंत्राने वेडेपणा केला की हाच उतारा. पाकीट नेमके माझ्या श्वासाच्या जाळीवर बसले, पण तक्रार कुणाकडे करू?

छी-हुंग दारातून डोकावला. "डबा म्हातारा झालाय. शुक्रवारनंतर भंगारात देऊ."

"शुक्रवारी हा बोलला नाही, तर मलाही दे त्याच्याबरोबर," फांग-यू म्हणाली.

मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. नुसता तापत होतो.

गुरुवारी दुपारी तिने वैतागून पाहुण्यालाच बंद केले. मग सवयीने पाच नंबरला हाक मारली. पाचने उत्तर दिले.

ती खुर्चीला खिळली. "आई, बंद केलेला उत्तर देतोय."

"मग?" सासूबाई शेजारच्या खोलीतून म्हणाल्या. त्या जुन्या नाटकातली गाणी ऐकत होत्या. "चार टाळला म्हणून भूत वाट चुकतं होय?"

फांग-यूचे लक्ष त्या गाण्याकडे गेले. "आई, ही गाणी कुठून लागतात?"

"छी-हुंगने केलीय सोय. तुझ्या त्या डब्यातच. म्हणाला, शुक्रवारपर्यंत तिला सांगू नकोस, हात लावला म्हणून ओरडेल."

छी-हुंगला बोलावणे गेले. तो कान खाजवत उभा राहिला.

"तुझे चार होते ना? माझा गाण्यांचा पाचवा. म्हणून पाच दिला. चुकलं काय?"

"आपण कितव्या मजल्यावर राहतो?"

"पाचव्या."

"जिन्याने मोज कधीतरी."

तो बोटांवर मोजू लागला आणि तिसऱ्या बोटानंतर थांबला. जन्मभर त्या लिफ्टने खाली-वर करणारा माणूस घरचीच मोजणी विसरला होता. एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडे; टपाल बिचारे जो दार उघडेल त्याच्या हातात पडत होते.

"माझी गाणी काढायची नाहीत," सासूबाईंनी बजावले. "त्यांना सहा द्या. सहा शुभ असतो, सुरळीत चालतो."

सहा दिला. पाहुणा शहाणा झाला आणि श्रेय हिरव्या पाकिटाला गेले.

शुक्रवारी साहेबांनी दुरून एकेकाला हाक मारली. सगळ्यांनी 'ओ' दिली. मग त्यांनी विचारले, "चार नंबर कुठाय?"

"घरात सासूबाई आहेत," फांग-यू म्हणाली.

साहेब म्हणाले, "आमच्या गोदामातही चौथी रांग नाही. नव्या माणसाला हे कळायला वर्ष लागतं. तुम्ही सोमवारी या."

छी-हुंगने भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही. उलट पाकीट उचलून माझ्या जाळीवरून बाजूला सरकवले आणि पाठीवर थाप मारली, पहिल्यासारखी.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. आमची धूळ पुसा, श्वासाची वाट मोकळी ठेवा. आणि म्हाताऱ्याला भंगारात काढण्याआधी, त्याच्या पोटात आपणच कुणाला न सांगता काय ठेवले, ते घरात एकदा विचारा.