उतारावर गिअर काढू नका

बारा एमएच बोलतोय. आवाज खरखरतो, त्याला इलाज नाही. चौदा वर्षांचं इंजिन आहे. लोक मला 'ती गाडी' म्हणतात. म्हणोत. मी म्हातारा आहे आणि म्हाताऱ्यासारखाच बोलणार.

बारा म्हणजे दोन हजार बारा साल, एमएच म्हणजे मीथ परगणा. आयर्लंडात पाट्या अशाच असतात. मला वाचता येतं ते तेवढंच, स्वतःची पाटी. पण कोण कसं चालवतो हे कळायला शाळा लागत नाही.

पहिला मालक शेमस. नावन गावाजवळ त्याची मेंढरं होती. दर रविवारी चर्चला निघायच्या आधी चारी चाकांची हवा बघायचा. सावकाश निघायचा, लांबून लाल दिवा दिसला की आधीच पाय काढायचा. त्याच्याकडे माझं थोड्या पेट्रोलात भागायचं. मला वाटलं, सगळी माणसं अशीच चालवतात. मग त्याची नजर अधू झाली आणि मी विक्रीला उभा राहिलो.

घेतलं उपेंद्रनं. मूळचा पुण्याचा, सिटीवेस्टला कॉम्प्युटरच्या कंपनीत. यानं बॉनेट उघडलं नाही, टायर बघितले नाहीत. पाटी बघूनच हरखला. बायकोला हाक मारली, "वृंदा, बघ! बारा आणि एमएच! अगं, ही तर पुण्याचीच गाडी!" पुण्यातल्या गाड्यांवर एमएच बारा असतं म्हणे. पाटीचा फोटो काढून आईबाबांना पाठवला आणि व्यवहार झाला. असं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

याला वेड एकच, अ‍ॅव्हरेज. किती देते, किती देते! टाकीगणिक फोनमध्ये लिहितो. आणि उतार आला की गिअर काढून न्यूट्रल. म्हणतो, "बाबा स्कूटर अशीच कात्रजच्या घाटातून सोडायचे. पेट्रोल लागायचंच नाही."

अरे, स्कूटरचं मला काय सांगतोस? माझं ऐक. गिअर ठेवून नुसता पाय काढलास, तर उतारावर चाकंच मला फिरवतात. तेव्हा मी थेंबसुद्धा पीत नाही. न्यूट्रल केलंस की बंद पडू नये म्हणून मला प्यावंच लागतं. वर मला धरून ठेवणारं काही उरत नाही. सगळा भार ब्रेकवर.

आणि इकडे बघा. केरीच्या सहलीला सामानासाठी टपावर लावलेले दांडे ऑगस्टपासून तसेच, वारा अडवत. डिकीत वीस-वीस किलोची कणकेची दोन पोती, घरात जागा नाही म्हणून. चाकं मऊ. थंडीत काच मोकळी होईपर्यंत मी जागेवरच धापा टाकतो. सिग्नल सुटला की हा पाय दाबणार, पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक. टाकीसुद्धा पूर्ण भरत नाही, पेट्रोलचं वजन होतं म्हणे! कणकेचं होत नाही का रे?

असो. मला सांगायचंय ते वृंदाचं.

वृंदा भूल देणारी डॉक्टर. नावनच्या हॉस्पिटलात चालत जायची. पुण्यात चौदा वर्षं गाडी चालवलेली, पण ते लायसन्स इथं चालेना. पुन्हा लाल 'एल' लावून शिकाऊ. शेजारी लायसन्सवाला बसल्याशिवाय मला हलवायची परवानगी नाही. अशात तिला दुसऱ्या गावी वरची जागा मिळाली. अट अशी, की बोलावणं आलं की अर्ध्या तासात ऑपरेशनच्या टेबलापाशी हजर. तिकडे वेळी-अवेळी बस नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला लायसन्स हातात नसलं तर जागा दुसऱ्या कुणाला. परीक्षेची तारीख एकच मिळाली होती, महिन्याच्या मध्यावर. नापास झाली की पुढची कित्येक महिन्यांनी.

आदल्या संध्याकाळी दोघं माझ्यात बसूनच भांडली.

"शिकवणाऱ्या बाईंनी आज स्पष्ट सांगितलं. उतारावर न्यूट्रल ही चूक आहे. एकच चूक चारदा झाली की नापास. आणि तुझ्यामुळे माझा हात आपोआप जातो, उपेंद्र!"

"काहीतरी काय! पेट्रोल वाचतं त्यानं. यांना काय कळतंय?"

"तुझ्या टेस्टला केलं होतंस?"

"नाही."

"का?"

"शेजारी परीक्षक बसला होता ना!"

"मग उद्या माझ्या शेजारी कोण बसणारे, तुझे बाबा?"

दार आपटलं. माझं दार, माझा काय संबंध? पण थोड्या वेळानं ती एकटीच परत आली, हातात पाना. टपावरचे दांडे काढले. पोती ओढत घरात नेली. मग उपेंद्रला शेजारी बसवून पंपावर गेली आणि चारी चाकांत हवा भरली. माणसाला झोपवण्याआधी हे लोक सगळी यंत्रं तपासतात म्हणे. मला शेमस आठवला.

परीक्षेला उंच, लाल भुवयांचा माणूस आला. माझ्याभोवती फिरला, टायर वाकून बघितले. "ग्रँड," म्हणाला, म्हणजे झकास, आणि शेजारी बसला. मांडीवर पाटीएवढा स्क्रीन. उपेंद्र फाटकाशी उभा, नखं खात.

पहिला उतार शाळेजवळ. तिचा पाय क्लचवर गेला, गिअरचा दांडा निसटला, मी मोकळा सुटलो. टक. त्याचं बोट स्क्रीनवर.

वृंदानं ते ऐकलं. घाबरलेला माणूस जुन्या सवयीलाच धरतो. दुसऱ्या उतारावर पुन्हा तेच. टक. तिसऱ्याला तर ती डावीकडच्या सायकलवाल्याकडे बघत होती, हातानं आपलं आपण काम करून टाकलं. टक.

तीन झाल्या.

आणि मग नदीकडे जाणारा लांब उतार आला. तळाला झेब्रा क्रॉसिंग, एक बाई बाळाची गाडी घेऊन येत होती. मागे दूधवाल्याचा टँकर चिकटलेला. वृंदाचा हात दांड्यावर. पाय क्लचला टेकला.

मला तोंड नाही. माझ्याकडे आवाज काय तो इंजिनाचा. गिअरमध्ये होतो तोवर मी घुमत होतो, खाली जाताना चढत जाणारा तो घूंऽऽ. तीन वेळा तिनं तो तोडला होता. आता तोड, आणि संपलं.

पण भूलवाल्या बाईचा कान आवाजावर असतो. यंत्राचा सूर जरा बदलला की यांची मान वळते. तिनं ऐकला. पाय क्लचवरून उचलला. हात दांड्यावरून काढून स्टिअरिंगवर ठेवला. मी तिला धरलं. हळूहळू, हळूहळू उतरलो. ब्रेक अलगद लागला आणि क्रॉसिंगच्या रेघेआधी हातभर अंतरावर थांबलो. बाळाची गाडी पलीकडे गेली. त्या अख्ख्या उतारावर मी थेंब प्यायलो नव्हतो.

शेजारी बसलेल्याचं बोट हललं नाही.

ती कागद घेऊन बाहेर आली तेव्हा उपेंद्र धावत आला. "काय झालं?"

"तीन."

"तीन काय?"

"न्यूट्रलच्या खुणा तीन. चौथी नाही." आणि रडायला लागली.

घरी जाताना तीच चालवत होती. नदीचा उतार आला आणि शेजारून उपेंद्रचा हात हळूच दांड्याकडे सरकला. फटकन बसली.

"हात मागे घे. नाहीतर भूल देईन."

आता लाल 'एल' गेला, 'एन' आला. म्हणजे नवीन. माझ्यावर नवीन तेवढंच. खालून गंज चढलाय, पुढच्या तपासणीत मला बाद करतील. करू देत. परवा जेवताना तिला बोलावणं आलं. तिनं ताट तसंच सोडलं. तिनं पाय जड केला नाही, गिअर काढला नाही आणि मी तिला वेळेच्या आत हॉस्पिटलच्या दाराशी सोडलं. एवढं केलं, पुरे.

उपेंद्रनं काल फोनमधला आकडा बघितला. अ‍ॅव्हरेज वाढलंय. चाकांत हवा कुणी भरली, टप कुणी मोकळा केला, विचारलंन् का? नाही. माझ्या पाटीवर थाप मारून म्हणाला, "बारा एमएच! लकी आहे गाडी!"

लकी म्हणे. अरे गाढवा, माझ्यानंतर जी घेशील, तिची पाटी नको बघूस. हवा बघ.