काचेवरचा कावळा

"काका, आधी त्या कावळ्याला हाकला बरं!" आतून मृण्मयी ओरडली.

हैबतराव काठी घेऊन आले खरे, पण ती उचलली नाही. बैठकीच्या मोठ्या काचेवर कावळा चोच आपटत होता.

कोळवणातलं हे शेतघर पुण्याच्या मृण्मयीचं. खालचं भातखाचर एकेकाळी हैबतरावांचं. बायकोला, गोजराबाईला, न विचारता त्यांनी ते विकलं आणि तिथेच राखणदार झाले. काचा बसल्या तेव्हा मृण्मयी कौतुकानं म्हणाली होती, खास लेपाची काच आहे, ऊन बाहेरच राहतं, विजेचं बिलही कमी. ते ऐकून गोजराबाई फणकारली, "ऊनच नगं हुतं, तर रानात घर कशापायी बांधलं?" त्यानंतर तिनं या आवारात पाऊल टाकलं नाही. गेल्या महिन्यात ती गेलीच.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. तिच्या भावानं, भाच्यांनी शब्द दिले. लेकीकडे बघू, म्हशीला अंतर देणार नाही. कावळा झाडावरून हलला नाही. तिला कुठला शब्द हवाय हे हैबतरावांना ठाऊक होतं, पण खाचर विकल्यावर तो देण्यासारखा उरला नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेरावं झालं आणि हा काचेवर येऊ लागला.

"राहू द्या, ताई. आमची गोजरा हाय ती. खाचर बगाया आलीय."

मृण्मयी बाहेर आली. तिचा आवाज मऊ झाला. "काका, लेपामुळे बाहेरून काच आरशासारखी दिसते. त्यात त्याला दुसरा कावळा दिसतो, म्हणून तो भांडतोय."

"भांडतोय व्हय? मग तीच."

मृण्मयीनं काचेकडे बोट दाखवलं. चोच लागायची तिथे रक्ताचा ठिपका होता.

तो पाहून मात्र हैबतरावांना राहवेना. त्यांनी बादलीत साबण कालवला आणि काचेवर बाहेरून जाडसर फासला. काचेत दिसणारं समोरचं खोरं पुसलं गेलं, त्यांचं स्वतःचं प्रतिबिंबही पुसलं गेलं. कावळा कठड्यावर बसला, त्यानं मान वाकडी करून पांढऱ्या काचेकडे पाहिलं आणि तो उडून गेला.

हैबतरावांनी कठड्यावर पान मांडलं, त्यावर भात वाढला. दुकानातला, विकतचा. मग टोपी सारखी करून हात जोडले.

"चुकलं माझं, गोजरे. तुला इचारायला पायजे हुतं."

ऊन कलेपर्यंत ते तसेच उभे होते. पानावरचा भात वाळून गेला.