बुधरीबाईची जीभ

बुधरीबाईची जीभ मेली होती, आणि ही गोष्ट साऱ्या गावात फक्त तिच्या सुनेला ठाऊक होती.

रंजीताला ती वरणातून कळली. आधी वरणात मीठ जरा जास्त, मग फारच जास्त, आणि मग एक दिवस मिठाचा पत्ताच नाही, तरी सासू मिटक्या मारत जेवतेय. खर्ऱ्यानं घात केला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा बुधरीबाईच्या गालात सकाळी जो जाई, तो फक्त जेवणापुरता बाहेर येई. इतकी वर्षं चुन्यानं सारवलेली जीभ शेवटी किती दिवस टिकणार?

दुसऱ्या कुणाची जीभ गेली असती तर घरच्यांनी खारट सोसलं असतं, एवढंच. पण बुधरीबाईची जीभ गावाच्या कामाची होती. डोंगराच्या अंगाला रानात कडू कांद्याच्या वेली आहेत. नाव कांदा, पण असतो तो जमिनीतला मोठा कंद, आणि कडू म्हणजे अगदी विष. त्याच्या चकत्या करायच्या, टोपलीत भरायच्या आणि नाल्याच्या वाहत्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवायच्या. पाणी विष घेऊन जातं. मग कांदा शिजवायचा, आणि पहिला घास जाणत्या बाईनं घ्यायचा. जीभ चुरचुरली की भांडं उकिरड्यावर. नाही चुरचुरली तर ती "गोड हाय" म्हणते, आणि मगच बाकीच्यांची पानं वाढली जातात. बुधरीबाईचा शब्द असा पक्का, की शेजारपाजारच्या बायकाही आपापला कांदा तिच्याकडून चाखून नेत. त्या मानावर म्हातारी ताठ चालायची.

आता तिला सांगायचं कुणी? रंजीता वडशाकडची, धानाच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा कांद्याची वेल कुठली आणि रानातलं गवत कुठलं हे तिला कळत नव्हतं, त्यावर बायका अजून हसायच्या. तिनं उठून सासूला "तुमची जीभ गेली" म्हणायचं? शिवाय सासूवर तिचा जीव होता. बाळंतपणात या म्हातारीनं तिला आईसारखं केलं होतं. म्हणून रंजीतानं आपली एक पळवाट काढली. गेल्या वर्षी भांडं उतरवता उतरवता तिनं चोरून एक तुकडा तोंडात टाकला, तो ठीक लागला, मग मुकाट्यानं सासूपुढं वाटी ठेवली. सासूचा मान राहिला आणि घरही वाचलं. शेजारणींच्या भांड्यांचा विचार मनात आला की ती दुसऱ्या कामाला लागायची.

यंदा मात्र नीलिमा मॅडम आल्या. फार जुन्या काळच्या माणसांच्या खुणा शोधायला डोंगरातल्या कपारीत त्यांची खोदाई चालली होती, आणि तिथं सापडलेल्या दगडी पाट्यांच्या छिद्रांत त्यांना याच कांद्याचं पीठ मिळालं होतं. शेती कुणाला ठाऊक नव्हती तेव्हाचं. त्या अंगणात बसून हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"ती माणसं इथंच का राहिली असतील, आजी? वर वेली आणि खाली बारमाही नाला. दोन्ही जवळ."

"मंग? एवढं तर डुकरालेबी समजते," बुधरीबाई म्हणाली.

मॅडम मनापासून हसल्या. "पण विष गेलं हे त्यांना कसं कळायचं?"

म्हातारीनं खर्रा गालात सरकवला आणि जीभ बाहेर काढून दाखवली. "हे होती ना त्याहिले."

 रंजीता भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडत राहिली.

कांदा शिजवायच्या दिवशी सकाळी ती टोपली आणायला नाल्यावर गेली. टोपली जागेवर होती, पाणीही होतं. पण पाणी हलत नव्हतं. टोपलीभोवती हिरवट साय धरली होती आणि तिच्यावर पडलेलं पान तिथल्या तिथं होतं. वरच्या अंगाला ट्रकांसाठी रस्ता घालायचं काम निघालं होतं, तिथं मुरूम लोटून नाला बुजवला असावा. कधी बुजवला? काल, की टोपली ठेवली त्याच दिवशी? तिला भीती वाटली, आणि ती तशीच टोपली घेऊन झपाझप घरी आली.

"आत्या, नाल्याचं पाणी थांबलं हाय. टाकून देऊ का हे?"

बुधरीबाईनं चकती बोटांत दाबून पाहिली. "पांढरी झाली ना? मऊ झाली ना? मंग टाकतं काऊन? अन् मी हावो ना चाखाले."

रंजीतानं चकत्या धुवून भांड्यात घातल्या.

दुपारी कांदा शिजला. रंजीतानं भांडं उतरवलं आणि सवयीनं हात आत घातला, तोच मॅडमचा आवाज आला, "ताई, जरा बाजूला होता का? आजींचा पहिला घास मला कॅमेऱ्यात घ्यायचाय." कॅमेरा थेट भांड्यावर होता. हात मागं आला.

बुधरीबाई नवं लुगडं नेसून बसली होती. तिनं पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि बघता बघता वाटी संपवली. सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते. रंजीताचा नवरा धनराज पाट ओढून तयारच होता, आणि मांडी घालून बसलेली त्यांची सहा वर्षांची लेक दिव्या आपली वाटी पुढं सरकवत होती.

"गोड हाय," म्हातारी म्हणाली. "वाढ."

रंजीतानं वाढलं. दिव्यानं घास उचलला, आणि रंजीतानं तिचं मनगट धरून तो घास आपल्या तोंडात घातला. जिभेवर आग पेटली. घसा आवळत गेला. तिनं अंगणात थुंकलं आणि धनराजच्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

"काऊन? काय झालं?" धनराज म्हणाला.

तिला रडू फुटलं. "कडू हाय. खाऊ नका कोणी. आत्यांच्या जिभेले काही समजत नाई. लय दिवसांपासून समजत नाई."

मॅडमनी कॅमेरा खाली टाकला आणि गाडीची किल्ली शोधत त्या फाटकाकडं धावल्या. धनराजनं आईचे खांदे धरले. म्हातारीच्या कपाळावर घाम फुटला होता, ओठ थरथरत होते. पण ती रागावली नाही. तिनं भांड्यातला एक तुकडा उचलून जिभेवर ठेवला, तोंडात इकडून तिकडं फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि हातावर काढून त्याच्याकडं पाहत राहिली.

"मले कायच नाई लागून राह्यलं, रंजीता."

"उठा आत्या, गाडीत बसा आधी."

"थांब." तिनं सुनेचा पदर घट्ट धरला. शब्द जड येत होते. "तू नाल्यावर गेलती ना सकाळी, तवा आशाबाई येऊन गेली. भांडं घेऊन. तिचा बी मीच चाखला. गोड हाय म्हटलं."

आशाबाईचं घर कुंपणापलीकडंच होतं. तिची टोपलीही त्याच नाल्यात असायची. रंजीता पदर सोडवून पळत कुंपणापाशी गेली आणि तिनं पलीकडं हाक मारली. मग पुन्हा मारली. अंगणात कुणी नव्हतं. जेवणाची घासलेली भांडी उन्हात पालथी घातली होती, त्यांत कांद्याचं भांडंही होतं.