पिवळ्या कागदाचं विमान

भिकननं स्टुलावर चढून विमानाचं शेपूट धरलं, तेव्हा प्रेमकुंवर कोपऱ्यातून बोलली.

"शेपटाला नको धरूस. पोटाला धर, दोन्ही हातांनी."

भिकन दचकला, स्टूल डगमगलं. घरचा टांगा हाकणारा आणि वरकड कामं करणारा हा गडी रोज त्या खोलीत पाण्याचा तांब्या ठेवून जात असे, पण तिथून इतकं स्पष्ट वाक्य त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"हा भाभी, पोटलेच धरस," तो म्हणाला, आणि छताच्या आकड्यावरून विमान सोडवून त्यानं ते तान्ह्या मुलासारखं खाली घेतलं.

पतंगाच्या पिवळ्या कागदाचं विमान. पंखांची लांबी पसरलेल्या दोन हातांएवढी, आणि वजन म्हणाल तर नसल्यासारखंच. वर्षभराची धूळ त्याच्या पंखांवर बसली होती. प्रेमकुंवरनं ओढणीच्या टोकानं ती पुसायला घेतली. दाराबाहेर हस्तीमलजी उभे होते. ते तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. जेठाशी सून बोलत नाही, जेठही सुनेशी बोलत नाहीत, तेव्हा ते उंबऱ्याबाहेरून आपल्या आईशी बोलत होते.

"माजी, तिला सांगा, खोलीला चुना द्यायचाय. घरच्या लग्नाचे पाहुणे आले की जागा पुरायची नाही. विमान शाळेत देऊन टाकू. मुलं बघतील तरी."

हस्तीमलजींना विमानाचा राग नव्हता. जी वस्तू विकत नाही आणि जागा मात्र अडवते, ती त्यांच्या डोक्यातच शिरत नसे. जळगावात सरकीचा व्यापार करणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची?

"माजी," प्रेमकुंवर हळूच म्हणाली, "हे अजून उडालेलं नाही."

धनकुंवरबाई माळ ओढत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि माळ पुढे चालू ठेवली.

तिचा नवरा ज्ञानचंद गेला तो मागच्या चैत्रात, पाचोऱ्याच्या स्टेशनवर. कापसाचा सौदा करून परत निघाला होता, गाडीची वाट बघत बाकावर बसला आणि बसल्या जागीच संपला. त्या दिवसापासून घरच्या रिवाजाप्रमाणे प्रेमकुंवर वर्षभर कोपऱ्यात बसली. बायका भेटायला येत, तिच्या पाठीवरून हात फिरवत, म्हणत, "रड गं, रडून घे, नाहीतर छातीत बसेल." तिला रडू येत नव्हतं. ती खोटं सांगत नव्हती आणि कुणावर रागावलेलीही नव्हती. जेवण समोर आलं की ती जेवे, दिवा मालवला की झोपे. आत काही दुखतही नव्हतं, आणि याचीच तिला कधीकधी भीती वाटे.

ज्ञानचंदला हा नाद लागला तो मुंबईला कॉलेजात असताना. रद्दीच्या दुकानात त्याला एक विलायती मासिक मिळालं, महायुद्धाच्या आधीचं, आणि त्यात या विमानाचा नकाशा होता. इंजिन नाही, दोरी नाही. पोटात रबराची पट्टी, तिला पीळ द्यायचा, सोडून द्यायचं. एकदा सुटलं की माणसाच्या हातात काही उरत नाही. धुळ्याच्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त वेळ हवेत राहील ते विमान जिंके; तिथं एन.सी.सी.ची पोरं भुर्र करणारी इंजिनं घेऊन येत, आणि हा दरवर्षी तेच जुनं विमान नव्यानं बांधून नेत असे.

सांगाडा तो रात्री बांधी. कागद मात्र प्रेमकुंवर लावी, आणि तोही दिवसाच, कारण कणकेची खळ शिळी झाली की तिच्यात जीव पडतात असं धनकुंवरबाईंचं म्हणणं, आणि जैनाच्या घरात त्यावर वाद नाही. सकाळी खळ करायची, सूर्य मावळायच्या आत संपवायची. खळीचं बोट फिरवून ती कागद ताणून बसवी, मग गाळलेल्या पाण्याची चूळ तोंडात घेऊन त्यावर बारीक फवारा मारी. वाळताना कागद आपोआप ताठ होई, बोटानं टिचकी मारली की डफासारखा वाजे. ज्ञानचंद ती टिचकी मारायला हमखास येई.

पण ते उडताना तिनं कधी पाहिलं नाही. माळावर चार पुरुष जमत, तिथं घरच्या सुनेनं जायचं कशाला? अंगणात तो रबराला पीळ देऊन बघे तेव्हा ती मागची खुंटी घट्ट धरून बसे. पीळ पुरा झाला की तो पुढचा पंखा मोकळा करी, आणि वाऱ्याचा झोत तिच्या तोंडावर येई. विमानाचं उडणं तिला ठाऊक होतं ते एवढंच.

तो माळावरून परत येई तेव्हा विमान काखेत असे. "बरं उडालं," तो म्हणे. नेहमी तेवढंच. धुळ्याहून मात्र दरवर्षी बक्षिसावाचून येई, आणि ओसरीवर हस्तीमलजी त्याची फिरकी घेत.

"पुन्हा हरलास? अरे, कागद जड होत असणार. पापड लाटणाऱ्या हातांना विमान काय कळणार!"

ज्ञानचंद हसे. प्रेमकुंवर आतून ते ऐके. तो हसे, पण नाही म्हणत नसे. मग पुढच्या वर्षी ती पतंगवाल्या असलमच्या दुकानातून आणखी पातळ कागद मागवी, खळ आणखी पातळ करी, आणि तरी तो हरून येई. आपल्या हातामुळे हा माणूस दरसाल हरतो, ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तो गेल्यावर बाकी सगळं बधिर झालं, पण हे एक खुपायचं राहिलं. आता शेवटचं विमान शाळेत जाणार होतं, आणि तिचा कागद खरंच जड होता का, हे कळायची सोय त्याच्याबरोबर जाणार होती.

जेठ गेल्यावर ती म्हणाली, "माजी, उद्या माझा कोपरा सुटतो."

"हो. आधी स्थानकात, महाराजांच्या दर्शनाला जायचं. त्यांच्या तोंडून मांगलिक पाठ ऐकायचा."

"येताना आपल्या शेतावरून येऊ? असलमभाईंना निरोप धाडला तर ते पीळ देतील. मला एकदा बघायचंय."

धनकुंवरबाईंची माळ थांबली. वर्षभरात सुनेनं काही मागितलं नव्हतं. लोणच्याची फोडसुद्धा नाही.

"भिकन," त्यांनी हाक मारली, "पतंगवाल्या असलमला सांग, सकाळी शेतावर ये म्हणावं. आणि हस्तीमलला सांग, शाळेला परवा देऊ."

पऱ्हाटी उपटलेलं काळं रान सकाळीच तापायला लागलं होतं. टांगा बांधावरच्या बाभळीखाली थांबला, धनकुंवरबाई आतच बसून राहिल्या. असलम आधीच येऊन उभा होता. तो ज्ञानचंदचा शाळेपासूनचा दोस्त, पतंग विकून विकून वाऱ्याची नस ओळखणारा. त्यानं प्रेमकुंवरला सलाम केला आणि नजर विमानावर ठेवली.

"भाभी, रबर मी नवीन आणलंय. जुनं कुजलं असणार. तुम्ही मागून धराल?"

तिनं खुंटी धरली. असलमनं रबर लांबवर खेचलं आणि गिरमिटानं पीळ द्यायला सुरुवात केली. ओढ वाढत गेली तसे तिचे हात आपसूक घट्ट झाले. हातांना सगळं आठवत होतं. बाकी तिला काही वाटलं नाही.

असलमनं खिशातून पेपरमिंटची जुनी डबी काढली.

"ही ज्ञानूभाऊची. यात वाती आहेत, त्यानंच कापून ठेवलेल्या. सोऱ्याच्या पाण्यात भिजवलेलं सूत असतं, हळूहळू जळतं. इथं शेपटाच्या रबराखाली अडकवायची आणि पेटवायची. जळत जळत वात रबरापर्यंत आली की रबर तुटतं, शेपूट वर उचललं जातं, आणि विमान खाली येतं. नाहीतर उन्हाच्या वाफेत सापडलं तर वरच जात राहील. घारी बघा ना, पंख तरी हलवतात का?"

डबीतल्या वाती करंगळीच्या पेराएवढ्या होत्या, सगळ्या सारख्या. असलमनं एक लावली, काडी ओढली, आणि विमान हलकेच पुढे सोडलं.

ते वर चढलं. प्रेमकुंवरनं मान वर केली, ओढणी मागे घसरली. पिवळा कागद उन्हात आरपार दिसत होता, आतल्या काड्यांसकट. एक गोल घेतला, दुसरा त्याहून वर घेतला, घारींच्या दिशेनं निघालं, आणि एकाएकी त्याचं शेपूट ताठ उभं राहिलं. पतंग कटल्यावर जसा डुलत येतो तसं ते सरळ खाली येऊन ढेकळांत बसलं. भिकन धावत गेला.

"एवढंच?" ती म्हणाली.

असलम अजून वर घारींकडे बघत होता.

"कागद जड झाला ना?"

"कागद?" असलमनं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "भाभी, चढत होतं ते. वातीनं खाली आणलं."

"मग वात लांब का नाही लावली?"

तो डबीच्या झाकणाची उघडझाप करत राहिला.

"तो कधीच लावायचा नाही. धुळ्याला पोरं हातभर वाती लावायची. मी दरवेळी सांगायचो, ज्ञानू, याच्याइतकं हलकं विमान इथं कुणाकडे नाही, जरा जाऊ दे वर. नाही म्हणायचा. म्हणायचा, तिनं दोन दिवस मान मोडून कागद लावलाय, आभाळात सोडून घरी काय रिकाम्या हातानं जाऊ? तो वाती कापायला बसला की मी तोंड फिरवायचो, भाभी. बघवायचं नाही."

भिकननं विमान आणून तिच्या हातात दिलं. "काहीच व्हयनं नही भाभी. बठ्ठं नीट शे," तो खुशीत म्हणाला. कागदाला खरंच ओरखडासुद्धा नव्हता.

प्रेमकुंवर विमान धरून उभी राहिली. तिला राग आला. ओसरीवर हसत बसायचा तो! एकदा तरी म्हणायचं होतं, दादा, कागद जड नाही. आत येऊन मला तरी सांगायचं होतं. दरसाल मी खळ पातळ करत बसले, आणि हा माणूस "बरं उडालं" म्हणून जेवायला बसत होता. वर्षभरात तिला पहिल्यांदा काही वाटलं होतं, आणि ते नवऱ्याशी भांडावंसं वाटलं होतं.

"असलमभाई, पुन्हा पीळ द्या."

त्यानं पीळ दिला. या वेळी त्यानं स्वतःच्या खिशातलं सूत काढलं, लांब वात तोडली, आणि काडी हातात घेऊन थांबला.

"नको," प्रेमकुंवर म्हणाली.

"भाभी, वातीशिवाय गेलं तर बोदवडपर्यंत थांबायचं नाही."

"मी सोडते. कसं सोडायचं सांगा."

"सोडायचं काय असतं? हात उघडायचा."

तिनं आजवर ते फक्त धरलं होतं. क्षणभर बोटं ऐकेनात. मग पंख्यानं तिच्या हातातून ओढ घेतली आणि तिनं हात उघडला.

विमान चढलं. त्याच गोलात चढलं, घारींच्या पातळीला गेलं, आणि रबराचा पीळ संपून पंखा थांबला तरी वर जातच राहिलं. एक घार बाजूला झाली. भिकन बांधापर्यंत धावला आणि कपाळावर हात धरून थांबला. "भाभी, ते आते खाले काब्र येत नही?" पिवळं होतं ते पांढुरकं दिसायला लागलं, मग नुसता ठिपका, मग तो आहे की नाही हे सांगता येईना. असलमनं हळूच डबी बंद केली आणि तिच्यासमोर धरली. तिनं ती घेतली.

टांगा निघाला. रस्त्याला लागल्यावर धनकुंवरबाईंनी सुनेच्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं.

"नाही आलं खाली?"

"नाही."

"मग?" त्यांनी विचारलं. त्यांनाही ओसरीवरचं बोलणं ठाऊक होतंच. "कागद जड होता का गं?"

"नाही, माजी," प्रेमकुंवर म्हणाली. "कागद हलका होता."

तिला एवढंच सांगायचं होतं. पण शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फुटला, तिनं तो सावरायला तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं आणि ते पुरं होईना. डबी मुठीत घट्ट धरून ती पुढे वाकली आणि वर्षभराचं रडू तिला तिथं, भर रस्त्यात, टांग्यात आलं.

धनकुंवरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनी फक्त तिच्या डोक्यावरची ओढणी पुढे ओढून चेहरा झाकला. गावातली पहिली घरं दिसायला लागली होती, ओसरीवर हस्तीमलजी बसलेले असणार होते.

"भिकन," त्या म्हणाल्या, "घाई नाही. तलावाकडून वळसा घालून घे."