डब्यातला दिवा

"महिपतराव, हा दिवा म्हणायचा की विझत आलेली विडी?"

डॉक्टर यमुनाबाईंनी डब्याच्या दारातून डोकं बाहेर काढून विचारलं. एरवी बाई अशी थट्टा करत तेव्हा हसतही. आज हसल्या नाहीत. आत टेबलावर महिपतची लेक गोदा कण्हत होती. पहिलटकरीण, आणि कालपासून अडलेली. दिवेलागण होऊन गेली होती.

"बगतो बाई. आत्ता करतो," महिपत म्हणाला आणि पाना घेऊन डब्याखाली शिरला.

महिपत फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर. पुढे मोटार आणि मागे तिला जोडलेला लोखंडी डबा. डब्यात टेबल, औषधांची कपाटं, छताला विजेचा एक दिवा आणि तो पेटवायला डब्याच्या पोटाखाली पेटीत बॅटरी. रत्नागिरीपासून पावसच्या पुढल्या वाड्यांपर्यंत 'डबा आला' म्हटलं की बायका हातातलं काम टाकून पोरं कडेवर घेऊन येत. महिपतचं अर्धं आयुष्य मचव्यावर शिडं ओढण्यात गेलेलं. कंबर धरली तेव्हा मुंबईला जाऊन मोटार शिकला. पण त्याचा खरा तोरा त्या दिव्याचा. चौतीस साल ते; वाडीत कंदिलापलीकडे उजेड कुणी बघितला नव्हता. दार उघडून हा कळ दाबायचा आणि मिशीवर हात फिरवत बायकांच्या तोंडाकडे बघत राहायचा. जसा काही सूर्य यानेच उगवायला लावला.

गोदेला दिवस गेले तेव्हा त्याची बायको राही म्हणाली होती, "सुईण हाय की घरात येणारी. डबा कशाला?"

"सुईण अंधारात चाचपते. माज्या पोरीचा बाळंतपण उजेडात होईल," असं म्हणून त्याने विषय मिटवला होता. बाईंच्या हातापाया पडून वैशाखाचा मुक्काम आपल्याच वाडीत ठेवून घेतला होता. पोर जगात येईल ते आजोबाच्या दिव्याखाली, हे त्याने साऱ्या वाडीला सांगून झालं होतं.

आणि तोच दिवा आज तांबडा पडला होता. टेबलावरच्या पोरीचं तोंडही त्यात धड दिसेना.

महिपतने बॅटरी बघितली. पाणी बरोबर होतं. तारेचा तुकडा दोन्ही टोकांना टेकवला तर फटकन ठिणगी उडाली. म्हणजे बॅटरीत जोर होता. वर जाऊन त्याने दिव्याचा नवा गोळा बसवला. तोही तांबडाच. मग तार गेली असेल म्हणून जवळ होती नव्हती ती सगळी नवी तार ओढली. घामाने सदरा भिजला, बोटं कापली. कळ दाबली. तांबडाच.

"बाई, कंदील आणू?" त्याने दारातून विचारलं.

"मूल आडवं आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "भूल देऊन फिरवावं लागेल. माझ्याजवळ आहे ते ईथर. त्याच्याजवळ ज्योत आणली तर भडका उडेल. मला हाच दिवा हवा, महिपतराव."

नर्स कमळाने हातातली छोटी विजेची बत्ती लावून धरली. तिच्यातले सेल जुने झालेले. जरा वेळ पिवळं वर्तुळ पडलं आणि तेही गेलं.

महिपत पुन्हा खाली शिरला. आता त्याची पाचावर धारण बसली होती. मुंबईच्या फिटरने डबा ताब्यात देताना सांगितलेलं एकेक आठवू लागला. बॅटरीच्या एका टोकाची तांब्याची पट्टी डब्याच्या लोखंडाला जोडलेली होती. फिटर म्हणाला होता, "ती पट्टी घट्ट असू दे, ढिली पडली की दिवा गेला." त्याने पट्टीचा बोल्ट पान्याने आवळून बघितला. तसूभर हलेना. खाऱ्या वाऱ्याने काही गंजलं असेल म्हणून सांध्यांवर, बोल्टवर पुन्हा माशाचं तेल चोळलं. मचव्यावर हेच शिकला होता. खारं पाणी शिरू दिलं नाही की मचवा माणसाला तारतो. जगात दुसरी कसली भीती असते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दिवा अजून मंद झाला.

आत गोदा ओरडली, "बाबाऽ!" आईला नव्हे, त्याला हाक मारली. तो डब्याखाली उताणा पडून होता. जे जे हाताला येत होतं ते ते करून झालं होतं.

शेवटी यमुनाबाईंनी ईथरची बाटली उचलून बाहेर पाठवून दिली. "कंदील आणा," त्या म्हणाल्या. "भुलीशिवाय करते. आणखी थांबता येणार नाही."

राहीने कंदील धरला. महिपत मोटारीच्या चाकाला टेकून बसला आणि त्याने दोन्ही कान दाबून धरले. तरी सगळं ऐकू येत होतं. मग ऐकू येईनासं झालं. बराच वेळ तो वाट बघत राहिला, पण लहान आवाज काही आला नाही.

गोदा वाचली. मुलगा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डबा हलवायला सांगितलं. बॅटरी उतरवायची म्हणून महिपतने तो बोल्ट सोडला. पट्टी निघाली, आणि तिच्याखाली काळंभोर, गुळगुळीत डांबर दिसलं.

ते त्यानेच लावलेलं. गोदेचं बाळंतपण व्हायचं म्हणून महिन्यापूर्वी त्याने डबा मचव्यासारखा सजवला होता. पट्ट्या-बोल्ट काढून, लोखंड खरवडून, डांबर आणि तेलाचे हात दिले होते. मग पट्टी डांबरावरच घट्ट आवळली होती; लोखंडाला ती जेमतेम टेकत होती, वीज पुरती जायची कुठून? दिवा लावून बघितला होता, पण भर उन्हात तो किती लागला हे कोण बघतो? रात्री लावायची वेळ त्यानंतर आलीच नव्हती.

त्याने सुरीने डांबर खरवडलं. लोखंड पांढरं दिसू लागल्यावर पट्टी बसवली आणि कळ दाबली. रिकाम्या टेबलावर लख्ख उजेड पडला.

यमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्याने त्यांना सगळं सांगितलं. धीर द्यायला म्हणूनही बाईंना खोटं बोलता येत नसे.

"उजेड असता तर मी दिवेलागणीलाच हात घातला असता," त्या म्हणाल्या. "वाचलंच असतं असं नाही सांगता येत. नसतं वाचलं असंही नाही." मग म्हणाल्या, "कळ बंद करा."

घरी गेला तर गोदा भिंतीकडे तोंड करून निजली होती. पावलं ओळखून ती वळली. "बाबा, तुमी जेवलात काय?" तिने विचारलं. "तुमी तरी काय करणार होतात? यंत्राचा काय भरोसा." महिपतने तोंड उघडलं. डांबराचं सांगायचं ठरवून आला होता. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि तिच्या अंगावरची गोधडी सारखी करून तो बाहेर आला.

राहीने त्याला परसात बोलावलं. त्या रात्रीपासून ती त्याच्याशी बोललीच नव्हती. आता डोळ्याला डोळा न देता हळू आवाजात म्हणाली, "पोरीला दूध भरलाय. ऊर ताठलाय तिचा. मोगऱ्याची फुलं आणा. उरावर बांदली की दूध आटतो."

मोगरा होता तो शेजारच्या सोनूबाईंच्या अंगणात. महिपत टोपली घेऊन गेला. डांबराने काळी झालेली बोटं फुलांना लागू नयेत म्हणून त्याने ती धोतराला पुन्हा पुन्हा पुसली.

"एवडी फुलं? पूजा हाय काय घरात?" ओटीवरून सोनूबाईंनी विचारलं. त्या कालच माहेराहून आल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

टोपली भरली तरी महिपत खाली बसून झाडाच्या बुंध्याजवळच्या कळ्या खुडत राहिला.