रविवारचा फोन

पोरींच्या वसतिगृहात नियमांना काय तोटा! केस कधी धुवायचे, खिडकीत किती वेळ उभं राहायचं, सगळ्याला नियम. पण सगळ्या नियमांचा बाप म्हणजे रविवारचा फोन.

नाश्ता झाला की पोरी रेक्टरबाईंच्या दाराशी रांग लावायच्या. एकेकीने आत जायचं. बाई नंबर लावून द्यायच्या आणि शेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायच्या. बोला, हसा, हवं ते मागा. रडायचं मात्र नाही. जी रडली, तिचा फोन तिथेच बंद आणि पुढच्या रविवारचाही गेला. "घरची माणसं लांब असतात गं, त्यांच्या जिवाला घोर कशाला लावायचा?" असं बाई म्हणायच्या, आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटायचं. इथेच तर सगळी पंचाईत होती. बाई दुष्ट असत्या तर त्यांना चार शिव्या घालून पोरींनी मन तरी मोकळं केलं असतं!

आपली ही पोर इथे आली ती गावातली शाळा सातवीलाच संपते म्हणून. फाटकाशी तिला सोडताना बाबा म्हणाले होते, "एक वर्ष काढ. नाही करमलं तर घरून जा-ये कर. बस लांबची आहे, पण बघू काहीतरी. शब्द देतो." त्या शब्दावर ती आत गेली, आणि मागून फाटकाला कुलूप लागलं.

पहिल्या रविवारी आईने नुसतं "जेवलीस का गं?" विचारलं आणि पोरीचा बांध फुटला. बाईंनी हळूच बोट टेकवून फोन बंद केला, पाठीवरून हात फिरवला, प्यायला पाणीही दिलं. पुढच्या रविवारी ही जिन्यात बसून दुसऱ्यांचं बोलणं ऐकत राहिली. पोरीला किती वाईट वाटलं असेल!

तिथेच तिला काकू भेटली. काकू म्हणजे दहावीतली मुलगी; सगळ्यांना उपदेश करत फिरायची म्हणून हे नाव. "वेडाबाई, रडू आलं ना, की जोरात हसायचं," काकू म्हणाली. "दोन्हीला तोंड उघडावंच लागतं. पलीकडे कुणाला कळतंय?"

पोर हुशार, लगेच शिकली. इतकी शिकली की बाकीच्या तिला 'रेडिओ' म्हणायला लागल्या. फोन हातात आला की सुरूच! आज काय गंमत झाली, कोण घसरून पडलं, गणिताच्या सरांचा चष्मा कुठे सापडला. निम्म्या गमती तिच्या मनच्याच असायच्या. पलीकडे आई हसायची, बाबा हसायचे, धाकटी तर फोन ओढून घेऊन म्हणायची, "ताई, अजून सांग!" बाईसुद्धा विणता विणता हसायच्या. फोन ठेवला की रेडिओ न्हाणीघरात जायची, नळ मोठा सोडायची आणि मग बाहेर यायची.

आठवडा कसा जायचा म्हणता? घंटेवर उठा, घंटेवर जेवा, शाळेत जोडीने जा, जोडीने या. कपडे वाळत घालायची गच्चीसुद्धा वरून जाळीने बंद केलेली. जिन्याच्या खिडकीतून समोरचा चपला शिवणारा दिसायचा. तो मध्येच काम टाकून उठायचा, रस्ता ओलांडून चहा प्यायला जायचा आणि मनात येईल तेव्हा परत यायचा. रेडिओला त्याचा भयंकर हेवा वाटे. पत्रं बाई आधी वाचत, आणि वर्ष संपेपर्यंत ना घरी सोडत, ना कुणाला भेटू देत. तेव्हा बाबा न्यायला आले की समोरासमोर सगळं सांगायचं, एवढ्या एका गोष्टीवर तिने वर्ष ढकललं.

परीक्षा संपली आणि बाबा आले. बरोबर धाकटी. धाकटीच्या हातात नवी कोरी बॅग!

"बघ, हिची पण सातवी झाली," बाबा खूश होऊन म्हणाले. "दुसरीकडे जायलाच तयार नाही. ताईची मजा ऐकून नुसती नाचतेय. बाई म्हणाल्या सुट्टीच्या वर्गापासूनच ठेवा, दोघी बहिणी एकत्र रुळतील."

रेडिओने बाबांचा हात धरला. "बाबा, मला इथे नाही राहायचं," ती म्हणाली. "मी वर्षभर खोटं हसत होते. मला घरी न्या."

बाबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी बाबांकडे, आणि दोघंही हसले. "नाटकी कुठली!" बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "वर्षभर खिदळून आमचे कान किटवलेस. आता धाकटी आली तर वाटेकरी नको होय?"

रडावं, असं तिला वाटलं. रडली असती तर बाबांना पटलंही असतं. पण वर्षभराच्या सवयीने बाईंसमोर डोळे कोरडे ठक्क राहिले आणि ओठ आपले हसतच होते. बाबा गेले.

पहिला रविवार आला. बहिणी म्हणून बाईंनी दोघींना एकदमच आत घेतलं. धाकटीने फोन कानाला लावला, पलीकडून आईचा आवाज आला, आणि पोरगीने जो गळा काढला! बाईंचं बोट पुढे सरकलं. काकूने शिकवलेली युक्ती धाकटीला सांगावी असं रेडिओच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण ती म्हणाली, "रड गं. जोरात रड. ऐकू जाऊ दे त्यांना."

फोन बंद झाला. बाई काही बोलणार, तेवढ्यात तो खणखणून वाजायला लागला. बाहेरून आलेला फोन मुलींना कधीच मिळत नसे. बाईंनी वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजला. धाकटी हुंदके देत होती. बाईंनी विणकाम मांडीवरून खाली ठेवलं, फोन उचलला आणि रेडिओपुढे धरला.

"घे," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "काय सांगायचं ते सांग. मी नाही बंद करणार." आणि त्या उठून बाहेर गेल्या, दारही ओढून घेतलं.

"हॅलो? कोण आहे? काय झालं गं?" बाबांचा आवाज कापत होता.

रेडिओने तोंड उघडलं.

"काही नाही हो बाबा!" ती खळखळून हसली. "अहो, हिने मिरची चावली! तुम्ही पण ना, लगेच घाबरता!"

"हुश्श!" बाबा म्हणाले, आणि लांब कुठेतरी आईही हसली.

धाकटी रडायची थांबली आणि ताईकडे बघत राहिली.